दुपारी बंद पडणारी गाडी

साताऱ्याच्या आमच्या घरी गेल्या मे महिन्यात एक निर्णय जवळजवळ झाला होता. बाबांनी आता गाडी चालवू नये. त्यांचं वय अडुसष्ट, गाडीचं एकवीस. २००४ सालची छोटी हॅचबॅक, पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली. दोन महिन्यांत ती सहा वेळा रस्त्यात बंद पडली होती, त्यातली एक वेळ खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रकची रांग लागलेली असताना. आई तेव्हापासून गाडीत बसायला तयार नव्हती.

गॅरेजवाल्याने दोन वेळा गाडी तपासली. प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल, मग पेट्रोल फिल्टर. दर वेळी सकाळी गाडी त्याच्याकडे गेली, अर्ध्या किकमध्ये सुरू झाली आणि गल्लीतून चक्कर मारून परत आली. तिसऱ्यांदा तो बाबांना म्हणाला, "काका, गाडीत काही नाही. चढावर क्लच लवकर सुटत असेल तुमचा." तो चांगल्या मनाने म्हणाला. पण घरी आल्यावर बाबांनी चावी फ्रिजवर ठेवली आणि फोनवर मला म्हणाले, "माझंच चुकत असेल रे. गुडघाही दुखतो हल्ली."

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. जो बग हवा तेव्हा पुन्हा दिसत नाही, तो 'नाहीच' असं म्हणायचं नाही, एवढं या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. कोणत्या परिस्थितीत तो दिसतो हे शोधायचं असतं आणि त्यासाठी नोंदी लागतात. या गाडीचा चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नव्हता, कारण पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच तिच्यात नाही. गाडीला स्वतःचा बिघाड कळतच नव्हता. पण बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते आणि गाडी घेतल्या दिवसापासून त्यांची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, कुठे गेलो. बंद पडल्याच्या नोंदी लाल पेनाने.

शनिवारी रात्री जेवणानंतर ती वही घेऊन बसलो. सहा लाल नोंदी. सहाही दुपारी बारा ते चारच्या दरम्यानच्या. सहाही वेळा गाडी तीस-चाळीस किलोमीटर सलग चाललेली. आणि पेट्रोल भरल्याच्या तारखांवरून हिशेब केला तर सहाही वेळा टाकीतला काटा पावाच्या खाली. सकाळच्या फेऱ्यांमध्ये, भरल्या टाकीवर, एकदाही नाही. मी बाबांना वही दाखवली. म्हटलं, "बाबा, माणसाचा पाय चुकायचा तर सकाळीही चुकेल. फक्त दुपारी, फक्त पाव टाकीखाली कसा चुकेल?" त्यांनी चष्मा लावून सहाही ओळी पुन्हा वाचल्या. काही बोलले नाहीत.

ऊन आणि कमी पेट्रोल या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय पहिल्यांदा फ्युएल पंपावर जातो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे ॲम्बेसेडर, फियाट, सुरुवातीची मारुती ८००, पंप इंजिनालाच चिकटलेला असायचा आणि कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालायचा. उन्हाळ्यात घाटात तो इतका तापायचा की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे. बाबांनीही मामांच्या फियाटवर ठेवलं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेचा झाला आणि थेट पेट्रोलच्या टाकीत गेला. चावी फिरवल्यावर स्टार्टर मारण्याआधी मागून दोन सेकंद जी बारीक घरघर ऐकू येते, ती त्याची.

पेट्रोलमध्ये बुडालेली विजेची मोटर हे ऐकायला भयंकर वाटतं. पण पेट पकडायला हवा लागते आणि टाकीतल्या वाफेत पेट्रोल इतकं जास्त आणि हवा इतकी कमी असते की ती पेटू शकत नाही. उलट पेट्रोल हेच मोटरचं कूलिंग आहे. टाकी भरलेली असली की मोटर गार राहते. पेट्रोल तळाला गेलं की ती तापते. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास अंशांनी तापलेली मोटर वीस टक्के जास्त रोध घेऊन चालते. नवी मोटर हे सहन करते. झिजलेली करत नाही.

पण संशयावर पंप बदलला असता तर तो प्लग आणि कॉइलसारखाच चौथा अंदाज ठरला असता. मला नुसती गाडी दुरुस्त करायची नव्हती, बाबांसमोर आकडा ठेवायचा होता.

रविवारी फ्युएल प्रेशर गेज जोडला. इंजिनात पेट्रोल नेणाऱ्या नळीवर, फिल्टरच्या पुढे. गेजचा पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरून टेपने चिकटवला. पेट्रोल असलेली नळी केबिनमध्ये घ्यायची नसते. मागच्या सीटखालच्या पंपाच्या कनेक्टरपासून दोन वायरी ओढून मल्टिमीटर माझ्या मांडीवर. सकाळी गार गाडीत दाब २.९ बार. मॅन्युअलनुसार तीनच्या आसपास हवा. सगळं ठीक. गॅरेजवाल्यालाही इतके दिवस हेच दिसत होतं.

मग पेट्रोल न भरता थांबलो. काटा पावाच्या खाली होताच. दुपारी साडेबारानंतर बाबांना म्हटलं, "तुम्ही चालवा." त्यांनी आधी नको म्हटलं, मग फ्रिजवरची चावी घेतली. शहरात आणि हायवेवर पाऊण तास फिरलो आणि यवतेश्वरचा घाट चढायला लागलो.

दुसऱ्या वळणानंतर काटा हलायला लागला. २.८. २.५. गाडी अजून व्यवस्थित ओढत होती. २.१ वर पहिला झटका बसला. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, काटा आणखी खाली गेला, कारण जास्त पेट्रोल मागितलं आणि पंपाकडे ते नव्हतं. १.४ ला इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढून बाबा म्हणाले, "क्लचला मी हातही लावला नाही." मला हसू आलं, हात नव्हे पाय म्हणायचं होतं त्यांना. पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. महिनाभर जे मनात धरून बसले होते ते त्यांनी एकदम खाली ठेवलं होतं.

या सगळ्या वेळात मल्टिमीटर १३.५ व्होल्टवर स्थिर होता. म्हणजे रिले, फ्यूज, वायरिंग निर्दोष. पंपाला वीज पूर्ण मिळत होती, तो काम करत नव्हता. फिल्टर नवा होता. उरला प्रेशर रेग्युलेटर. वीस मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा टाकीकडे परत जाणारा रिटर्न पाइप क्षणभर चिमटला. पंप धडधाकट आणि रेग्युलेटर खराब असता तर काटा झटकन वर उडाला असता. तो जेमतेम हलला. आता अंदाज उरला नव्हता.

पंप बदलणं त्यामानाने सोपं होतं. या गाडीत मागच्या सीटची गादी उचलली की खाली पत्र्याचं झाकण आहे. कित्येक गाड्यांत अख्खी टाकी खाली उतरवावी लागते, तिथे हे घरी करू नये. आम्ही सकाळी गारव्यात, उघड्या अंगणात काम केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये तर नाहीच. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अग्निशामक सिलिंडर हाताशी, आईने स्वतःहून वाळूची बादली आणून ठेवली. झाकणावरची एकवीस वर्षांची धूळ आधी ब्रशने साफ केली, नाहीतर ती सरळ टाकीत पडते. रिंग लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने फिरवली, लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी नको. पंपाचा सांगाडा तिरका करून बाहेर काढावा लागतो, नाहीतर पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकतो. खालची जाळी काळी झाली होती. नवी मोटर, नवी जाळी, नवी रबरी रिंग. जोडल्यावर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, गळती पाहिली. दाब ३.० बार.

आठवडाभर उन्हात वाळल्यावर जुना पंप हॅकसॉने कापला. आतले कार्बन ब्रश जवळजवळ संपलेले. ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खोल काळे चरे. गार असताना ते कसंबसं टेकत होतं, तापलं की सुटत होतं. बाबांनी तो अर्धा ब्रश बोटांत धरून बराच वेळ पाहिला. नंतर ते कापलेलं धूड त्यांनी पिशवीत घातलं आणि गॅरेजवाल्याला दाखवून आले. भांडायला नाही. तो म्हणाला, "काका, हे ठेवून घेऊ का? पोरांना दाखवतो."

पुढच्या खेपेला मी वही उघडली. निळ्या पेनाने: "पंप बदलला. ९८,४१२ कि.मी. दाब ३.०." त्याखाली, दोन दिवसांनंतरची तारीख: "यवतेश्वर, दुपारी १.१५. काटा पावाच्या खाली मुद्दाम ठेवला. सौ. बरोबर. बंद पडली नाही."