दुसरी प्रत

हैदराबादेस मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या कपाटात ध्वनिफितींचे चार खोके कैक वर्षे पडून होते. १९८० नंतरच्या दशकात, सुट्ट्यांमध्ये तंजावरला जाऊन, पदरमोड करून त्यांनी तेथील मराठी कुटुंबांतील वृद्धांचे बोलणे त्या फितींवर घेतले होते. व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत गेलेल्या मराठीने तमिळच्या शेजारी राहून कोणकोणती वळणे घेतली हे त्यांना ऐकावयाचे होते. ती माणसे आता नाहीत. आवाज तेवढा उरला आहे. निवृत्तीनंतर तीन वर्षे खपून त्यांनी हा संग्रह संगणकावर उतरविला. छायाचित्रे व टिपणे धरून तो आठशे गिगाबाइट भरला. आणि एके सकाळी तबकडीतून खरखर ऐकू आली, ती थांबली तेव्हा संग्रह गेलेला होता. पुन्हा सारे उतरविताना सात फिती तुटल्या. त्या सातांवरचे आवाज मात्र कायमचे गेले.

दुसरी प्रत हवी, आणि ती या घरात नको, असे त्यांनी तेव्हा ठरविले. हे मराठीच्या अभ्यासकाला आधीच सुचावयास हवे होते. लीळाचरित्राची पोथी धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, हे ते वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा तर ते आठवडाभर अस्वस्थ होते. पण वर्गात शिकविलेले घरात वापरण्याची सवय अध्यापकांना क्वचितच असते.

जागा ठरली ती इंदूरची. थोरल्या बहिणीच्या घरची. ताई एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. घरात इंटरनेट होते, ते नातवंडांची तोंडे पाहण्यापुरते. तळहाताएवढा एक संगणक, त्याला जोडलेली लहान तबकडी, असा सरंजाम त्यांनी सिद्ध केला. आठशे गिगाबाइट तारेवरून धाडावयाचे तर त्यांच्या जोडणीच्या वेगाने सात दिवस अखंड लागले असते. म्हणून पहिली प्रत हैदराबादेतच काढून, तबकडी मांडीवर घेऊन ते रेल्वेने गेले. पुढे रोज फक्त जे नवे वा बदललेले असेल तेवढेच जावयाचे. ही युक्ती अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये जगापुढे ठेवली. दोन्हीकडच्या प्रतींचे तुकडे पाडून त्यांच्या खुणा ताडून पाहावयाच्या आणि न जुळणारे तुकडेच पाठवावयाचे. दोन पोथ्या समोरासमोर ठेवून पाठभेद टिपणाऱ्या संपादकाला यात परके असे काही वाटणार नाही.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. बोलणाऱ्यांनी विश्वासाने घरगुती कलह, वाटण्या, आजारपणे सांगितली होती; ती चोराच्या हाती पडता कामा नयेत. म्हणून तबकडीवरचा मजकूर गूढ करून ठेविला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेविले, त्याच जातीचा हा प्रकार. वीज जाऊन आली की संगणक आपोआप जागा होई. पण तबकडीचे कुलूप हैदराबादेहून परवलीचे शब्द गेल्याखेरीज उघडत नसे. ते शब्द लिहिलेला कागद त्यांनी नागपूरच्या भाच्याकडे दिला. कुलूप एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी.

पहिले दहा दिवस एकही प्रत गेली नाही. रात्री दोनची वेळ नेमली होती आणि रोज रात्री दहाला इंदूरचे टोक मिटत होते. त्यांनी तारेला दोष दिला, तक्रारी नोंदविल्या. अखेर दूरध्वनीवर ताई म्हणाल्या, “अरे, मी बटण बंद करते. घरात माणसं झोपल्यावर यंत्र कशाला जळत ठेवायचं?”

असे एकाएकी बटण बंद करणे तबकडीला घातक, हे सांगून झाले. मग त्यांनी हिशेब मांडला. संगणक व तबकडी मिळून सहा वॅट. वर्षभर अहोरात्र चालले तरी युनिटे भरतात साधारण त्रेपन्न. जुना टेबलावरचा संगणक साठ वॅट घेता तर ती दहापट झाली असती. “तुझ्या देवघरातला तो झिरोचा लाल दिवा नावालाच झिरो, ताई. तो पंधरा वॅट खातो.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. देवाच्या दिव्याशी केलेली ही तुलना फारशी शहाणपणाची नव्हती.

“पैशाचं नाही रे,” त्या म्हणाल्या. “रात्री त्याचा हिरवा डोळा लुकलुकतो. अंधारात कुणी बघतंय असं वाटतं.”

एकट्या बाईच्या घरात ते यंत्र ठेविताना हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलाकडून त्यांनी त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून घेतली, आणि प्रत जाण्याची वेळ दुपारी दोनची केली. रात्री यंत्र रीतसर स्वतःच मिटे. मग ताईंनी बटण बंद केले तरी हरकत नसे. सकाळी पूजा झाली की त्या ते लावीत. हैदराबादेत साडेआठच्या सुमारास खूण उमटे आणि ताई उठल्या, ठीक आहेत, हे कळे. एकदा साडेनऊपर्यंत ती उमटली नाही, तेव्हा त्यांना चहा गेला नाही. ताई भाजी आणावयास गेल्या होत्या.

परत मागवून पाहिली नाही तोवर प्रतीचा भरवसा धरू नये, असा त्या व्यवसायातील जाणत्यांचा दंडक आहे. महिन्याअखेरीस इंदूरहून एखादी ध्वनिमुद्रिका मागवून ती मूळ प्रतीशी ताडावयाची होती. त्यांनी पहिलीच निवडली. १९८३ मध्ये नवे यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आईला बोलते केले होते. ती अकरा मिनिटे भाजणीचे प्रमाण सांगत बसली होती. प्रत अक्षरशः जुळली. ताईंना हे सांगताच त्या म्हणाल्या, “म्हणजे आई माझ्याच घरात बोलतेय, आणि मला ऐकू येत नाही?”

त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी दूरध्वनी ध्वनिवर्धकाजवळ धरला आणि फीत लावली. अकरा मिनिटे दोन्ही गावी कोणी बोलले नाही.

“धने पाव वाटी म्हणाली का रे?” ताईंनी विचारले. “मी आजवर अर्धी घालत आले.”