व्हॉल्व्ह मिटतो ती वेळ

परभणीच्या उन्हाळ्यात पाणी आधी विहिरीचं आटतं आणि मग गाडीच्या रेडिएटरचं. मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. जिंतूरहून माणसांनी भरून निघालेली जुनी गाडी बोरीच्या पुढे आली की तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो, आणि चालवणारा तशीच ती शहरापर्यंत आणतो. गॅरेजात इंजिनाचं हेड उतरवून त्यावर पोलादी पट्टी धरली की पट्टीखालून उजेड दिसतो. हेड वाकलेलं असतं. ते फेसिंगला जातं, पातळसा थर उतरतो, नवी गॅस्केट बसते, टायमिंगच्या खुणा जुळवल्या जातात आणि गाडी सुरू होते. पण मालक दोन दिवसांनी परत येतो. म्हणतो, "चालायली, पण पहिल्यासारखी ओढंना."

ही तक्रार खोटी नसते. पट्ट्यावर चालणाऱ्या इंजिनात खाली पिस्टननं फिरणारा क्रँक असतो आणि वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅम. दोघांना टायमिंग बेल्टनं बांधलेलं असतं. हेड अर्धा मिलिमीटर कापलं की कॅम तेवढा खाली सरकतो, बेल्टची ताणलेली बाजू तेवढी आखूड पडते आणि कॅम किंचित मागे राहतो. क्रँकच्या मोजणीत हा फरक सुमारे एक अंशाचा. खुणा डोळ्यांना जुळलेल्याच दिसतात. बेल्ट एक दात पुढे टाकून हे दुरुस्त होत नाही. कॅमच्या गिअरला 40 दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश, आणि क्रँकचे दुप्पट, 18. एका अंशाच्या दुखण्याला अठरा अंशांचं औषध कसं देणार?

दोन दातांच्या मधली ही जागा पकडण्यासाठी अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर असतो. त्याची दातांची कडी वेगळी आणि मधला गाभा वेगळा. दोघांना धरणारे एलन बोल्ट लांबट खाचांत बसवलेले. ते सैल केले की दात जागेवर राहतात आणि आतला कॅम अंश-अंश सरकवता येतो. मला या लहानशा गिअरबद्दल जे प्रेम आहे ते त्याच्या चकाकीमुळे नाही. जी वेळ आपण कारखान्यातून ठरून आलेली समजतो, ती माणसाच्या हाताला लागू शकते, हे त्यानं मला दाखवलं.

ती वेळ किती बारीक आहे पाहा. इंजिन मिनिटाला 6000 फेरे फिरतं तेव्हा क्रँक सेकंदाला 100 फेरे घेतो आणि कॅम त्याच्या निम्मे, 50. क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. एवढ्या घाईत इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, हवा आत येते, पिस्टन तळाला जाऊन वर वळतो, आणि व्हॉल्व्ह तरीही काही अंश उघडाच राहतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडं का? कारण धावत आलेल्या हवेला वेग असतो, आणि त्या वेगानं ती पिस्टनच्या विरोधातही आत शिरत राहते. इंजिन जितकं जोरात फिरतं तितका हा लोंढा उशिरापर्यंत येतो. सावकाश फिरताना लोंढ्यात जोर नसतो. तेव्हा तोच उशीर नडतो, आत आलेली हवा पिस्टन पुन्हा बाहेर ढकलतो.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला वाफसा पुरतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात लगेच पाभर घातली तर चिखल फाळाला चिकटतो. थांबून राहिलं तर जमीन आवळते, भेगाळते. मधल्या दिवसांत मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावताच तो फुटतो. पेरणी तेव्हा करायची. इथलं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण त्या पावसानंतरचा नेमका दिवस शेतकरी स्वतःच्या मुठीत ठरवतो. मुरमाड रान लवकर वाफशावर येतं, भारी काळं रान उशिरा. इंजिनाच्या प्रत्येक वेगाला असाच स्वतःचा वाफसा असतो. सावकाश वेगाला व्हॉल्व्ह लवकर मिटलेला मानवतो, जोराच्या वेगाला उशिरा. साधा कॅम मात्र एकच वेळ पाळतो, म्हणून ती कोणत्या वेगासाठी ठेवायची हे आधी ठरवावं लागतं.

वसमत रोडवरच्या ज्या उस्तादांकडे मी हे पाहिलं, त्यांचा हात घाई करत नाही. आधी प्लग काढून ते क्रँकवर अंशांची चकती बसवतात. पिस्टनचं शिखर डोळ्यांनी सापडत नाही, कारण तिथे तो क्षणभर थबकल्यासारखा असतो. म्हणून प्लगच्या भोकातून अडसर घालून इंजिन हातानं एकीकडून टेकवतात, मग दुसरीकडून, आणि दोन्ही आकड्यांचा मध्य धरतात. तीच खरी टीडीसी. मग डायल गेज लावून इनटेक व्हॉल्व्ह एक मिलिमीटर उघडतो ती जागा टिपायची, एक मिलिमीटर उरून मिटत येतो ती जागा टिपायची, आणि त्यांच्याही मधून कॅमचा माथा काढायचा. इंजिन नेहमी चालण्याच्याच दिशेनं फिरवायचं, नाहीतर बेल्टची ढील आकडा चुकवते. कॅम सरकवला, बोल्ट कसले, की पाना हातात धरून क्रँकचे दोन पूर्ण फेरे. शिकाऊ पोरगा स्टार्टरकडे वळला की ते म्हणतात, "थांब लेकरा. आधी हाताला कळू दे, मग चावीला." कुठेही किंचित अडलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो आहे असं समजायचं. जिथे डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकाला असतो, तिथे कॅमबरोबर ठिणगीची वेळही सरकते. ती टायमिंग लाइटनं पुन्हा लावायची. एक गोष्ट हलवली की तिला बांधलेली दुसरी तपासायची, ही शिस्त मी त्यांच्याकडे शिकलो.

कॅम अ‍ॅडव्हान्स केला, म्हणजे पुढे सरकवला, की खालच्या वेगात दम येतो. रिटार्ड केला, म्हणजे मागे सरकवला, की खालचं बळ वर जातं. फुकट काही मिळत नाही. एका टोकाला दिलेलं दुसऱ्या टोकाकडून घेतलेलं असतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात. तिथे सरळ पट्टीवर सगळा खेळ वरच्या वेगाचा. रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या शर्यतींतल्या मातीच्या वाटांवर मात्र वळणातून बाहेर पडताना मधलं बळ लागतं. एकाच जातीचं इंजिन दोन्हीकडे गेलं तर त्याचा कॅम एकाच जागी ठेवता येणार नाही. दोन कॅमच्या इंजिनात तर दोन्ही गिअर वेगळे फिरतात. एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडतो तो ओव्हरलॅप वाढवता-कमी करता येतो. वाढवला तर वर जोर येतो आणि आयडलला गाडी लंगडते.

पण ताकद वाढवण्याचं हे काम शर्यतीच्या मैदानातच शोभतं. गाडीची मूळ बनावट बदलू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझ्या मनात या विद्येचं काम वेगळं आहे: उन्हानं आणि फेसिंगनं ढळलेली वेळ मोजून ओळखणं आणि बनवणाऱ्यानं ठरवलेल्या जागी ती परत आणणं.

मोजणाऱ्यानं हवेचंही भान ठेवायला हवं. परभणीत जानेवारीची पहाट 12 अंशांची असते आणि मेची दुपार 44 ची. एवढ्या फरकानं तेवढ्याच जागेत मावणारी हवा दहाव्या हिश्श्यानं कमी होते. पहाटे तपासलेली गाडी दुपारी सुस्त वाटली तर दोष कॅमचा नसतो. म्हणून आधीची आणि नंतरची चाचणी एकाच प्रहरी, एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये घ्यावी.

आता नव्या गाड्यांत हे काम तेलाच्या दाबावर आणि संगणकावर सोपवलेलं आहे. अल्फा रोमिओनं 1980 मध्ये चालत्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी रचना विक्रीच्या गाडीत आणली, 1989 मध्ये होंडाची व्हीटेक आली, आणि आज गावोगावच्या लहान गाड्यांतही अशी वेळ बदलणारी रचना, व्हीव्हीटी, असते. एकच वेळ निवडण्याची सक्ती तिनं संपवली, आणि याचा मला आनंदच आहे. पण त्या संगणकात कोणत्या वेगाला कोणता अंश, हा तक्ता कुणीतरी माणसानं पुन्हा पुन्हा मोजूनच भरलेला असतो. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं काम शिकणारी मुलं नुसता स्कॅनर लावून कोड वाचायला शिकली तर ती तो तक्ता वापरतील. जुन्या इंजिनावर अंशांची चकती बसवून टीडीसी स्वतः शोधायला शिकली तर त्यांच्यातलं कुणी उद्या तो तक्ता लिहील. काळ्या रानातला वाफसा मुठीत ओळखणाऱ्या घरांतून आलेली ही मुलं आहेत. वेळ दुसऱ्याकडून उसनी घ्यायची नसते, आपल्या मातीवर आणि आपल्या ओझ्यावर ती मोजायची असते, हे त्यांना नव्यानं शिकवावं लागणार नाही. त्यांच्या हातात चकती आणि गेज मात्र आपणच द्यायला हवेत.