अप्पांची लेन्स बाहेर काढ

करमाळा,
पौष

अगं,

तू एका ओळीत विचारून मोकळी झालीस, ‘मिररलेस कॅमेरा घेऊ का, आणि लेन्स कुठली?’ वर उत्तरही एका ओळीत मागितलंस. माझ्याकडून एका ओळीचं उत्तर! इतक्या वर्षांत मला एवढंच ओळखलंस का गं? चहाचा मोठा कप भरून घे आणि खिडकीशी बस.

पहिलं उत्तर असं, की घे. दुसरं असं, की दुकानाची पायरी चढण्याआधी अप्पांच्या जुन्या निकॉनची ती पन्नास मिलिमीटरची लेन्स शोध. तू ती ग्लासगोला नेलीस हे तुझ्या वहिनीनं मला केव्हाच सांगितलंय, तेव्हा लपवू नकोस. ती नव्या कॅमेऱ्यावर चालते, तुला सांगते, अगदी मजेत चालते. एवढं कळवायचं म्हणून तर दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे.

कसं ते ऐक. अप्पांच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मधोमध तिरका आरसा होता. खटका दाबला की तो वर उडायचा आणि आपण दोघी दचकायचो. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉननं १९५९ साली लेन्स बसायची कडी फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर ठेवली, आणि पुढे कित्येक दशकं तेच माप चालू राहिलं. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकलाय. निकॉनच्या झेड बॉडीत तेच अंतर १६ मिलिमीटर आहे, सोनीत १८, कॅननच्या आरएफमध्ये २०. मधली उरलेली जागा एक पोकळ रिंग भरून काढते. तिच्यात काच नसते, काही नसतं. अप्पांच्या लेन्सला वाटतं आपण आपल्या जुन्या घरीच आहोत!

फोकस मात्र हातानं फिरवावा लागेल. त्याला घाबरू नकोस. पीकिंग म्हणून एक सोय असते, ती सुरू केलीस की जे नेमकं दिसतंय त्याच्या कडांवर लाल रंग चढतो. अप्पा डोळे बारीक करून, श्वास धरून फोकस लावायचे, आठवतं? तुला तेवढी तपश्चर्या नको. आधी लेन्समधून मोबाईलचा टॉर्च आरपार मारून बघ. आत पांढऱ्या तंतूंची जाळी दिसली तर ती बुरशी. तुझ्याकडच्या ओल्या हवेत ती फार लवकर धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. आमच्याकडे ओल नाही, धूळ आहे. मिररलेसची लेन्स काढली की बहुतेक बॉडींमध्ये सेन्सर उघडाच समोर येतो, तेव्हा आमच्यात उन्हाळ्यात उघड्यावर लेन्स बदलायला सक्त बंदी आहे. माळावर कोणी बदलू लागला की बाकीचे त्याच्याभोवती पाठ करून उभे राहतात, वाऱ्याला आडोसा म्हणून.

आता ‘आमच्यात’ म्हणजे कोण, हे विचारशीलच. करमाळ्यात कॅमेऱ्याचं वेड लागलेली काही माणसं जमली आहेत गं. एक निवृत्त गुरुजी आहेत, मेडिकलवाला आहे, बँकेतल्या ताई आहेत, कंदरचा केळीवाला दादा आहे आणि मी. रविवारी पोथरे नाक्यावर चहा होतो, मग गुरुजींच्या पडवीत टीव्हीला तार जोडून सगळ्यांचे फोटो लागतात. ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. तुला हे मुळीच जमणार नाही!

गुरुजी म्हणतात, हे काही आपण नवीन करत नाही. फोटो काढायची युक्ती जगापुढे आली १८३९ साली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातले. काचेवर रसायन ओतून फोटो काढायचे, एकमेकांना दाखवायचे, कसं केलं ते सांगायचे. मला ऐकून इतकं बरं वाटलं. डॉक्टरकी सांभाळून तो माणूस अंधाऱ्या खोलीत हात काळे करत होता, आणि आमचा मेडिकलवाला दुकान बंद करून पहाटे उजनीला जातो.

आम्हाला एवढ्या लेन्स मिळाल्या कुठून, तर लग्नाच्या फोटोग्राफरांच्या कृपेनं. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं पहिला मिररलेस काढला तेव्हा आपल्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. २०१३ मध्ये सोनीनं मोठ्या सेन्सरचा आणला, २०१८ मध्ये त्यात निकॉन आणि कॅननही उतरले, आणि मग लग्नवाल्यांनी आरशाचे कॅमेरे लेन्ससकट विकायला काढले. त्या चांगल्या लेन्स निम्म्याहून कमी किमतीत आमच्यासारख्यांच्या हाती आल्या. एकीची लेन्स दुसऱ्याकडे महिनाभर राहते. विकत घेण्याआधी वापरून बघायला मिळते, यासारखं सुख नाही. जाहिरात वाचून घेतलेली लेन्स आणि दुसऱ्याची मागून वापरलेली लेन्स यात मी डोळे मिटून दुसरीवर विश्वास ठेवीन.

हसण्यासारखं काय काय होतं, ते सांगते. मिररलेसला आवाज बंद करायची सोय आहे. खटका दाबला तरी काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पुतणीच्या साखरपुड्यात मी आजोबांचा फोटो काढला आणि खाली बघून तपासत बसले. वर बघते तर आजोबा तसेच, छाती पुढे, श्वास कोंडलेला, मिशा ताठ. ‘झाला आजोबा,’ म्हटलं तर म्हणाले, ‘वाजला कुठं?’ शेवटी आवाज सुरू करून पुन्हा काढला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. आणि पोळ्याची गंमत तर विचारूच नकोस. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असते, माणसाचा वेगळा, प्राण्यांचा वेगळा. केळीवाल्या दादाचा प्राण्यांवर लावलेला. आत्या नवी पैठणी नेसून बैलाला ओवाळतात, आणि चौकट जाऊन बसली बैलाच्या डोळ्यावर. फोटोत बैलाची पापणीन् पापणी मोजून घ्यावी आणि आत्या धुक्यात! आत्यांनी फोटो बघितला आणि दादाला म्हणाल्या, ‘पुरणपोळी पण त्यालाच वाढते मग.’ तू असतीस तर जमिनीवर लोळली असतीस.

बिनआवाजाच्या खटक्याचा खरा उपयोग पाणवठ्यावर होतो. पाच हात अंतरावर खंड्या बसलेला असतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण त्यात एक मेख आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे भरभर हलणारे पंख वाकडे येतात आणि एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे उमटतात. नवरात्रात कमलादेवीच्या देवळात माझ्या सगळ्या फोटोंवर पट्टे आले होते, बँकेतल्या ताईंनी एका मिनिटात कारण सांगितलं. देवळात यांत्रिक शटर, पाण्यावर आवाज बंद, हे लिहून ठेव.

देऊळ तुला आठवतंच. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलं, आणि शहाण्णव आकड्याचा ध्यास असा, की ९६ खांब, ९६ ओवऱ्या, विहिरीलाही ९६ पायऱ्या. मेडिकलवाल्यानं मनावर घेतलंय की सगळ्या पायऱ्या एका फोटोत आणायच्या. रुंद कोनाची लेन्स आणली तर जवळच्या पायऱ्या अंगावर येतात आणि तळाच्या सुतासारख्या दिसतात. मला वाटतं त्या एका फोटोत मावू नयेत. एक एक पायरी उतरताना जो गारवा लागत जातो, त्यासाठी पन्नासची लेन्स लावून एका पायरीवर बसावं. त्याला हे पटत नाही. चालू आहे आमचं.

आता उजनीकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. एकशे सतरा टीएमसीचं धरण ते, भीमेवर १९८० साली पुरं झालेलं, आणि त्याचं मागचं पाणी आपल्या तालुक्याच्या कडेकडेनं पसरलंय. रोहित पक्षी म्हटलं की लोक भिगवण आणि कुंभारगाव म्हणतात. बरोबरच आहे, पण पाण्याला दुसराही काठ आहे ना! केत्तूरकडून उतरलं की तेच पाणी आणि तेच पक्षी. तिथल्या एका मामांच्या होडीतून आम्ही जातो. मामांच्या वडिलांची जमीन याच पाण्याखाली गेली. होडी वल्हवत ते सांगतात, इथं आमची चिंच होती, इथं बांध, इथं चढ लागायचा. आणि तुला सांगते, रोहित नेमके त्या चढावर उभे असतात! त्यांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी घालून तो गाळून खातात. धरण काठोकाठ असेल त्या वर्षी चिखल उघडा पडायला वेळ लागतो आणि ते उशिरा येतात. कुठलं शेत कधी उघडं पडेल हे मामांना पाठ आहे. सहाशेची लेन्स घेऊन आलेले पुण्याचे पाहुणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. ज्यांचं रान बुडालं त्यांच्याच जिवावर आपण ही गुलाबी चित्रं काढतो, हे मला दर वेळी आत कुठेतरी लागतं. म्हणून मामांच्या घरातल्या सगळ्यांचे फोटो मोठे करून, फ्रेम लावून मी देऊन आले. मामींनी देवघराशेजारी लावलेत.

रोहिताचा खरा रंग पंखांखाली असतो, तो उडाल्यावरच दिसतो. म्हणून काही लोक होडीवाल्याला जास्त पैसे देऊन थवा उठवायला लावतात. त्याची मला चीड आहे. पोट भरायला बसलेल्या पक्ष्याला दर तासाला उठवलं तर तो खाणार कधी? आमच्यात तसा फोटो टीव्हीवर लागतच नाही. थांबलं की आपणहून उडतात. पट्टकादंब वरून जातात, चित्रबलाक पंख सुकवत उभे राहतात, शेकाट्या लाल काठ्यांसारख्या पायांनी फिरत असतो. गुरुजींच्या पिशवीत मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश असतो. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, सोलापुरातच. त्या रविवारी फोटो लागले नाहीत, गुरुजींनी नुसतं वाचून दाखवलं.

आणखी एक, कुणीही सांगत नाही असं. उन्हं तापली की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि मग लाखाची लेन्सही पक्षी धूसरच देते. म्हणून पहाटेच जायचं. वारा सुटला की परत फिरायचं, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून मी या बाबतीत कोणाचंही ऐकून घेत नाही, तुझंही घेणार नाही.

तर तुझी लेन्स. तुझ्याकडे हिवाळ्यात चारला दिवस मावळतो. तेव्हा मोठ्या झूमच्या नादी लागू नकोस. तिचं तोंड लहान, उजेड कमी घेते, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत कचकच येते. बॉडी सेकंडहँड चालेल, एक पिढी जुनी चालेल. तिच्यासोबत ३५ ची एक लहान प्राइम घे, एफ २ किंवा १.८ ची, आणि अप्पांची पन्नास. अप्पांची लेन्स बारक्या सेन्सरवर पंचाहत्तरसारखी दिसेल, माणसांच्या चेहऱ्यांना ती फार छान. पक्ष्यांसाठी पैसे घालू नकोस. लांबची लेन्स इथे ताईंकडे आहे, तू येशील तेव्हा ती तुझीच. मोठा मेगापिक्सेल बघून भुलू नकोस, तू बघितल्या क्षणी भुलतेस. दोन बॅटऱ्या घे. आरसा नसल्यानं पडदा कायम चालू राहतो आणि त्या लवकर उतरतात.

आणि तुळजापूरचा तो फोटो काढून बघ, ज्यात तुझी फक्त वेणी आलीय आणि मी खुशाल हसतेय. अप्पांनी तो याच लेन्सनं काढला. माझ्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येतात त्यात. इतकं सुंदर काम करणारी वस्तू कपाटात अंधारात ठेवतात का गं?

माघात ये. हुरडा असेल, शेंगांची चटणी मी कुटून ठेवते, जेऊर स्टेशनवर घ्यायला मीच येईन. वहिनीला कळवू नकोस, ती तुला आठवडाभर सोडायची नाही.

तुझीच

ता. क. रिंग मागवण्याआधी बॉडी कुठली ते मला कळव. निकॉनच्या लेन्सला सोनीसाठी वेगळी रिंग लागते, कॅननसाठी वेगळी. आणि डोळा लावायच्या खिडकीजवळ एक बारीक चाक असतं, ते फिरवून तुझ्या चष्म्याचा नंबर लावून घे. चष्मा तू घालणार नाहीसच.