चाकांची होडी

ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीनजीक यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले. अशा समयी होडी असते एका गावी आणि माणसे अडकतात दुसऱ्याच गावी. होडीसच चाके असली, तर पाण्यात बुडालेली सडकच तिचा उतार होईल! म्हणून आम्ही बारा फुटी, सपाट तळाची होडी कागदावर रेखाटली.

आस तळातून आरपार नेल्यास भोकातून पाणी शिरणार. म्हणून चाके बाहेरून, पाण्यात वर उचलता येतील अशी बसविली. आस नेमका कोठे असावा, हा खरा पेच. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस होडी ठाऊक, गाडीचे मर्म नव्हे! ते उमगले उसाच्या बैलगाडीपाशी. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. तेव्हा आस मध्याच्या किंचित मागे हवा, म्हणजे जीपच्या आकड्यावर सुमारे एक-दशांश भार राहतो.

चाके व लोखंड मिळून एका माणसाचे वजन भरते. त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटून अनेक जण बुडाले. आमच्या होडीत पाचांची जागा आहे. बाजूवर मात्र तांबड्या अक्षरांत ‘चौघे’ असेच लिहिले आहे.