नीरामाई, पाणी कुठवर येणार ते सांग

नीरामाई,

कोऱ्हाळे बुद्रुकहून तुला लिहितोय.

पावसाळ्यात तुझी खबर आम्हाला मोबाइलवर येते. वीर धरणाचे इतके दरवाजे उचलले, विसर्ग इतके हजार क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. गावच्या ग्रुपवर हा मजकूर पडला की जो तो पुढे पाठवतो आणि मग सगळे एकमेकांना एकच विचारतात, पाणी कुठवर येणार? त्या मजकुरात एवढंच नसतं. त्यासाठी हे पत्र. लिहितोय तुझ्या नावानं, पण तुझे दरवाजे ज्यांच्या हातात आहेत त्यांनीही वाचावं.

तू न सांगता येत नाहीस, हे काठावरच्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. भोरच्या डोंगरात पाऊस लागून राहिला की भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी भरतात आणि त्यांनी सोडलेलं पाणी वीरमध्ये येतं. चारही धरणांची साठवण मिळून 48 टीएमसी, त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भाटघरची. वीर त्यामानानं लहान, साडेनऊ टीएमसीच्या आतबाहेर. वरची भरलेली असताना घाटातला पाऊस थांबला नाही, तर वीरला येईल ते पाणी खाली सोडावंच लागतं. ही धरणं बांधली ती पूर अडवायला नाही, कालव्यांसाठी. 1885 साली सुरू झालेल्या तुझ्या डाव्या कालव्यावर आमचा ऊस उभा आहे, सोमेश्वर आणि माळेगावचे कारखाने त्याच उसावर चालतात. तेव्हा सप्टेंबरात धरण रिकामं ठेवा, असं आमच्यातला कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. म्हणून तर वीरचा दरवाजा उघडल्यापासून पाणी आमच्या बांधाला लागेपर्यंतचे तास आम्हाला फार मोलाचे आहेत.

त्या तासांत काय काय चालतं ते तू पाहिलेलंच आहेस. रात्रीची वेळ, वर पाऊस. आधी वायरमनला फोन करून डीपीवरची लाइट बंद करून घ्यायची, मगच मोटरीला हात लावायचा. एकानं बॅटरी धरायची, दोघांनी गाळात उतरून नटबोल्ट सोडायचे, दोर लावून मोटर काठावर ओढायची, केबल गुंडाळायची, स्टार्टरची पेटी खांद्यावर टाकायची. तिकडे गोठ्यात म्हाताऱ्या माणसांनी दावी सोडायला घेतलेली असतात. भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही, ते विळ्यानं कापावं लागतं. हे सगळं करायचं की नाही, हे माणूस ‘इतके हजार क्युसेक’ या शब्दांवरून ठरवतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण अमुक इतक्या क्युसेकला आपला बंधारा बुडतो का, मोटरीचा कट्टा बुडतो का, गोठ्यापर्यंत पाणी येतं का, हे कोण सांगणार? मग ज्याचा अंदाज चुकतो तो अंधारात पाण्यात उतरतो.

कोल्हापूरच्या लोकांकडे बघ. पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे तिथल्या रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पुलाची पातळी तशीच, 40 आणि 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि तेव्हाचे हाल सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोटच उलटली. नुसत्या आकड्यानं जीव वाचत नाही, बोट धड लागते, वेळ लागतो. पण आकडा फुटात सांगितला की घरातल्या बाईला गाठोडं कधी बांधायचं ते कळतं. युरोपातही तेच. ओडर नदी चेक प्रजासत्ताकात उगवून पोलंडमध्ये जाते. 1997 साली तिनं व्रोत्स्वाफ शहराचा मोठा भाग बुडवला. 2024 च्या सप्टेंबरात ‘बोरिस’ वादळानं ऑस्ट्रिया, चेक, पोलंड, रोमानिया अशा देशांत थैमान घातलं, डोंगरपायथ्याची पोलिश गावं उद्ध्वस्त झाली, एक लहान धरण फुटलं. व्रोत्स्वाफ मात्र वाचलं. ओडरवर रात्सिबुशला खास पुरासाठी बांधून कोरडा ठेवलेला जलाशय होता, त्यानं लाट धरली. आणि पोलंडमध्ये नदीची बातमी मापपट्टीवरच्या उंचीत, सेंटिमीटरमध्ये देतात.

तुझी अशी एखादी खूण आमच्या तोंडी का नाही? कितीदा तुझे विसर्ग सोडले गेले, त्या प्रत्येक वेळी कोणत्या बंधाऱ्यावर किती पाणी होतं याची नोंद ठेवली तर तक्ता तयार होतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा, या रेषा नकाशावर काढतात. त्या शिवारात का दिसू नयेत?

आता थोडं तुझ्या लेकीबाळींबद्दल, म्हणजे ओढ्यांबद्दल. त्यांची खबर कुणीच देत नाही. 14 ऑक्टोबर 2020 ला इंदापूर-बारामतीत ओढे रस्त्यांवरून गेले. 25 मे 2025 ला, उन्हाळा सरायच्या आत, तुझा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, काटेवाडीकडे घरांत पाणी शिरलं, बारामती आणि इंदापूरला एनडीआरएफची पथकं आली. आणि एरवी कोरडी पडलेली कऱ्हा नदी 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री बारामती शहराच्या उंबऱ्याला लागली. ओढ्यांचं पाणी डोंगरातून येत नाही, आमच्याच रानातून येतं, आणि जिथं ओढा बुजवून ऊस लावलाय तिथं ते घरात शिरतं. एनडीआरएफची तुकडी येते ती मावळातल्या सुदुंबऱ्याहून. ती येईपर्यंत जे करायचं ते गावच करतं.

गावाचंही सांगतो. ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक फोन लावला की नोंदवलेले सगळे मोबाइल एकदम वाजतात. फार चांगली सोय. पण ऑक्टोबरात तुझ्या काठी कोप्या घालून राहिलेल्या ऊसतोडवाल्यांचे नंबर त्या यादीत नसतात. वीटभट्टीवरच्यांचे नसतात. पाणी पहिल्यांदा त्यांच्याच अंथरुणाखाली येतं. टोळी गावात उतरली की मुकादमाकडून नंबर घेऊन पोलीस पाटलांनी ते यादीत घालावेत, याला ना निधी लागतो ना ठराव.

आणि तू इथं थांबत नाहीस. नरसिंहपूरला भीमेला मिळतेस, तिच्यात उजनीचं पाणी असतं. दोघींचं मिळून जे होतं ते पंढरपुरात व्यासनारायण झोपडपट्टीच्या दारात जाऊन उभं राहतं, पुढे कर्नाटकात शिरतं. आमच्या बंधाऱ्यावरची फुटाची खूण पंढरपूरलाही उपयोगी पडेल.

तेव्हा मागणी एवढीच. वीरपासून संगमापर्यंत प्रत्येक बंधाऱ्याच्या आणि पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवा, जिथून रस्ता बंद होतो तिथं लाल रेघ मारा. संदेशात क्युसेकच्या पुढे एक ओळ वाढवा, कोणत्या बंधाऱ्यावर किती फूट आणि किती वाजता. पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्याचे बर्गे काढायला माणसं येतातच. त्यांच्याबरोबर रंगाचा डबा पाठवला तरी निम्मं काम होईल.

तुझ्या डाव्या काठचा,
एक शेतकरी