हाताचे वळण

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंतांची (1551–1615) पासोडी जतन केलेली आहे; सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा या कापडावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे वेदान्ती विवेचन, ओवीबद्ध लिहिलेले असून त्याला आकृत्यांचीही जोड आहे. कापड शाई झरझर शोषून घेते आणि विणीच्या धाग्यांवर रेघ अडखळते, त्यामुळे मुक्तहस्त अक्षरालाही केवढी शिस्त लागते याची खरी जाण ही पासोडी देते.

कुंचल्याच्या वळणाचा फॉन्ट घडवणाऱ्यापुढचे कोडे नेमके याच्या उलट असते. फॉन्ट म्हणजे एकदा रेखाटून साठवलेली आणि हवी तेव्हा पुन्हा जशीच्या तशी उमटणारी अक्षररूपे. शिस्त त्यात आयतीच असते, घडवावा लागतो तो हात. उदाहरणार्थ, बीडच्या सीताफळांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्यांच्या खोक्यावर अशा फॉन्टमध्ये ‘बालाघाट’ हे तिथल्या डोंगररांगेचे नाव छापायचे म्हटले, तर ब, ल आणि घ यांचे तीन दंड व त्यांना लागलेले तीन काने मिळून सहा उभ्या रेघा ओळीने उभ्या राहतात. कुंचल्याने लिहिताना पहिली रेघ रंगाने ओथंबलेली, मधल्या किंचित कललेल्या आणि शेवटची केसांचे ओरखडे दाखवणारी कोरडी उतरली असती. फॉन्टमध्ये सहाही एकाच मापाच्या निघाल्या की सोंग उघडे पडते. म्हणून जाणकार अक्षररचनाकार एकेका अक्षराची पर्यायी रूपे करून ठेवतो आणि शेजारचे अक्षर पाहून त्यांतील योग्य ते रूप आपोआप निवडले जाईल अशी योजना फॉन्टमध्येच करतो.

शिरोरेषेचे दुखणे याहून अवघड आहे. हाताने लिहिताना ती शब्दावरून एका झेपेत ओढता येते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला तुकडा सोबत आणते आणि ते तुकडे बेमालूम जुळावेत म्हणून कुंचल्याची स्वाभाविक जाडबारीक चाल सांध्यापाशी आवरावी लागते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’ या फॉन्टने बॉलपेनासारखी जवळजवळ एकसारख्या जाडीची, तिरकी रेघ पत्करली, त्यामुळे रोजच्या हस्ताक्षराचा मोकळेपणा राहूनही तो परिच्छेदभर वाचता येतो. खऱ्या कुंचल्याला एवढा पल्ला झेपत नाही. त्याचे बळ दोन-तीन शब्दांत, म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, लग्नपत्रिकेतील वधूवरांच्या नावांत किंवा लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठीत असते. सीताफळाच्या खोक्यावरही नाव तेवढे कुंचल्याने खुलावे. वजन, दर आणि बागायतदाराचा पत्ता साध्या, उभ्या अक्षरात असावा, कारण बाजारात पहाटेच्या अपुऱ्या उजेडात तो मजकूर हमालाला लांबून वाचायचा असतो.