नेता बदलतो, माउस तोच राहतो

आज नगरपरिषद नाही, पाणीपट्टी नाही, उसाचा दरही नाही. आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितोय. नेहमीच्या वाचकांनी लगेच पुढे सरकू नये, कारण विषय शेवटी आपल्याच वॉर्डात येणार आहे.

गेमचं नाव स्टेलारिस. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीचा. ९ मे २०१६ला बाजारात आला आणि अजून चालू आहे. 'चालू आहे' म्हणजे कंपनी त्यात अजून बदल करतेय, नवे भाग विकतेय. खेळ असा की साल २२००, तुमच्या प्रजातीनं नुकताच ताऱ्यांमधला प्रवास साधलाय. तुमच्याकडे एक ग्रह, दोन-चार जहाजं, बस्स. तिथून दोनशे ते हजार ताऱ्यांच्या आकाशगंगेत पसरायचं. या प्रकाराला 'फोर एक्स' म्हणतात. १९९३ साली ॲलन एमरिच या अमेरिकन पत्रकारानं 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना हा शब्द काढला. शोधा, पसरा, उपसा, संपवा, असे ते चार एक्स. इंग्रजांचा अख्खा इतिहास चार शब्दांत आला म्हणा ना.

भाच्यानं, तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर हा गेम टाकून दिला. बातम्या पाठवून झाल्या, फोन शांत झाला की रात्री तासभर खेळतो. आजवर सहाशे तासांच्या वर झालेत. त्यामुळे जे लिहितोय ते उडत उडत बघून नाही.

आधी चांगलं सांगतो. पहिली शंभर वर्षं, म्हणजे गेममधली, हा गेम अफलातून आहे. एक संशोधन जहाज अंधारात पाठवायचं. कुठं मेलेल्या संस्कृतीचे अवशेष सापडतात, कुठं अजून अश्मयुगात असलेले जीव. मग पहिल्यांदा शेजारी भेटतो, आणि तो कसा निघेल हे माहीत नसतं. तुमचं राज्य लष्करी की शांततावादी, समतावादी की हुकूमशाही, परक्यांना जवळ करणारं की हाकलणारं, हे तुम्हीच आधी ठरवलेलं असतं आणि त्याचे परिणाम पुढे येत राहतात. अपडेटना नावं तर ॲसिमोव्ह, हाइनलाइन, ले ग्विन, लेम अशा विज्ञानलेखकांची. करणाऱ्यांना विषयाची आवड आहे हे दिसतं.

आता तक्रारी.

पहिली. शंभर-दीडशे वर्षांनंतर राजाचा कारकून होतो. चाळीस-पन्नास ग्रह झाले की दर मिनिटाला एखाद्या ग्रहावर लाल चिन्ह. इथं बेरोजगार, तिथं घरं कमी, पलीकडे गुन्हेगारी. उघडा, काहीतरी बांधा, बंद करा, पुढचा. ग्रह आपोआप चालवायची सोय आहे, पण तिच्यावर सोडलं तर नको तिथं नको ते बांधून ठेवते. मग पुन्हा स्वतःच बसायचं.

दुसरी. विरोधक हुशार नाही, फक्त श्रीमंत आहे. अडचणीची पातळी वाढवत 'ग्रँड ॲडमिरल'पर्यंत गेलात, तर संगणकाचं डोकं वाढत नाही, त्याला साधनसामग्रीत घसघशीत सवलत मिळते, इतकंच. आपल्याकडे काही निवडणुका अशाच होतात, पण ते असो.

तिसरी पैशाची. मूळ गेम घेतला की काम संपलं असं नाही. सगळे पुरवणी भाग घ्यायचे म्हटलं तर बिल हजारांत जातं. परराष्ट्र धोरणाचा बराच ऐवज एका भागात, हेरगिरीचा दुसऱ्यात. सेल लागेपर्यंत थांबणं हाच आमच्यासारख्यांचा उपाय.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त बोलायची आहे. खेळ लांबला की गेम मंदावायचा. कारण मे २०२५पर्यंत प्रत्येक नागरिकाचा हिशेब संगणक ठेवायचा: त्याचं काम, त्याचं समाधान, त्याची बदली. डिसेंबर २०१८च्या 'ले ग्विन' अपडेटनं लोकसंख्या आणि रोजगाराची पद्धतच बदलली, खेळ खोल झाला, पण हिशेबही वाढला आणि शेवटची वर्षं रडतखडत चालायला लागली. यावर एप्रिल २०२१मध्ये ३.० आवृत्तीत उपाय आला. उपाय असा की साम्राज्याची एकूण लोकसंख्या जितकी जास्त, तितका पुढचा नागरिक वाढायला वेळ जास्त. म्हणजे तुम्ही नवाकोरा सुपीक ग्रह वसवला, अन्न आहे, घरं आहेत, कामं आहेत, तरी तिथं माणसं वाढत नाहीत. का, तर आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला तुमची माणसं आधीच फार झालीत.

खेळाडू खवळले, आणि बरोबरच होतं. हिशेब झेपत नाही म्हणून हिशेबाची पद्धत सुधारायची, का माणसंच कमी करायची?

इथं मला आपलं एक कार्यालय आठवतं. नाव घेत नाही. रस्त्यावरचे दिवे बंद असल्याची तक्रार मी ऑनलाइन केली. आठव्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' संध्याकाळी जाऊन बघितलं, अंधार तसाच. पुन्हा केली, पुन्हा निकाली. कागदावर प्रलंबित तक्रारी शून्य. दिवा लागला नाही, पण आकडा सुधारला. ३.०चा उपाय आणि हा उपाय, दोन्हींमागचं डोकं एकच.

फरक पुढं पडतो, आणि त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

स्टीम नावाच्या ज्या दुकानात हे गेम मिळतात, तिथं गेम विकत घेतलेला माणूस शिफारस करतो किंवा करत नाही. अंगठा वर नाहीतर खाली. त्याच्या नावापुढे तो किती तास खेळलाय हे दिसतं. दोन तासवाला ओरडतोय की दोन हजार तासवाला, हे वाचणाऱ्याला कळतं. आणि एकूण शेरा 'संमिश्र'वर घसरला की तो विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारीच झळकतो. लपवायला जागा नाही.

कंपनी बहुतेक दर गुरुवारी एक डायरी लिहिते. काय बदलतोय, का बदलतोय. अपडेट आलं की यादी येते: हे बिघडलं होतं, हे दुरुस्त केलं, हे अजून बिघडलेलंच आहे. तिसरा भाग पुन्हा वाचा. 'हे अजून बिघडलेलंच आहे' असं लेखी देणारं एखादं खातं तुमच्या माहितीत असेल तर मला कळवा, मी स्वतः बातमी करतो.

२०२१मध्येच कंपनीनं वेगळा गट नेमला. नवे भाग काढणारे वेगळे, जुनं दुरुस्त करणारे वेगळे. त्या गटाला नाव दिलं 'कस्टोडियन', म्हणजे राखणदार. त्याच वर्षी सप्टेंबरच्या 'लेम' अपडेटपासून हे काम दिसायला लागलं, जुन्या भागांवरची धूळ झटकली गेली. आपल्याकडे नव्या रस्त्याला निधी असतो, नारळ असतो, फोटो असतो. जुन्या रस्त्याच्या खड्ड्याला राखणदार नसतो. ही कल्पना एखाद्या नगरपरिषदेनं उचलली तर स्वीडनवाले पैसे मागणार नाहीत.

कंपनीची आरती ओवाळतोय असं समजू नका. मे २०२५मध्ये ४.० आवृत्ती आली. लोकसंख्येचा हिशेब अखेर मुळातून बदलला. एकेका नागरिकाऐवजी गटानं मोजायचं ठरवलं. म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं सांगत होते त्या दिशेनंच. पण आली ती अर्धीकच्ची. आकडे एक दाखवायचे, घडायचं दुसरं. संगणकाची राज्यं गोंधळून बसायची. त्याच दिवशी नवा पुरवणी भागही विक्रीला होता. मग पुढचे अनेक आठवडे दुरुस्तीवर दुरुस्ती. पैसे आधी घेतले आणि चाचणी गिऱ्हाइकाकडून करून घेतली, याला दुसरा शब्द नाही. ऐकून घेता हे चांगलं, पण वेळेआधी विकून मग ऐकणं हा धंद्याचा भाग होत असेल तर खेळाडूंनी अंगठा खालीच ठेवावा.

आणि खेळाडूही सगळे साधुसंत नाहीत. फेब्रुवारी २०१८मध्ये २.० आवृत्तीनं ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या तीनपैकी दोन सुरुवातीच्या पद्धती काढून टाकल्या आणि सगळ्यांना ठराविक मार्गांवर आणलं. घोषणा आधीच झाली होती, कारणंही दिली होती: कोण कुठूनही येत असेल तर सीमेवर किल्ला बांधून उपयोग काय? तरी शिव्यांचा पाऊस पडला. 'विकत घेतलेला गेम बदलला' हा मुद्दा रास्त होता, आणि म्हणूनच जुनी आवृत्ती निवडून खेळायची सोय स्टीमवर ठेवलेली आहे. पण निम्म्या प्रतिक्रियांत मुद्दाच नव्हता, नुसता राग होता. रागाची नोंद होते. दुरुस्ती मात्र मुद्द्याची होते.

चांगली तक्रार कशी असते हे मी या खेळाडूंकडून बघितलं. आवृत्ती कोणती, साल कोणतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत सेव्ह केलेली फाइल, म्हणजे समोरचा उघडून तेच बघू शकतो. पाच ओळी. 'सगळे चोर आहेत' हे वाक्य त्यात नसतं, आणि तेच उत्तर द्यायला भाग पाडतं.

आता माझी शेवटची तक्रार. ही कुठल्याच अपडेटनं सुटलेली नाही, आणि कदाचित सुटणारही नाही.

मागच्या दिवाळीत भाचा घरी आला होता. खेळताना त्यानं एका तोट्यातल्या ग्रहावरची माणसं उचलून दुसरीकडे नेली. बटण आहे तसं. थोडी किंमत मोजायची, झालं.

म्हटलं, "अरे, कोण राहायचं तिथं?"

"मामा, ते बघावं लागेल." त्यानं खिडकी उघडली, आकडे वाचले. "पण तिथं ठेवण्यात अर्थ नव्हता. आता बजेट प्लसमध्ये आलं बघा."

"विचारलंस का त्यांना?"

"विचारायचं बटण नाहीये, मामा."

त्याचं खोटं नव्हतं. समतावादी गटाला असलं स्थलांतर आवडत नाही, तो नाराज होतो, समाधानाचा आकडा थोडा खाली येतो. फार खाली गेला तर बंडही होतं. पण नाराजीचा आकडा वेगळा आणि माणसाला विचारणं वेगळं. कोयना धरणानं उठवलेल्या गावांची पुढची पिढी अजून पुनर्वसनाचे कागद घेऊन फिरतेय, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, या गेममध्ये लोकशाही आहे. दर दहा वर्षांनी निवडणूक होते. उमेदवार असतात, हवा तो पुढे रेटायची सोय असते, नवा नेता येतो, फोटो बदलतो. पण खेळणारा मीच. मी कधीच पडत नाही. पन्नास ग्रह उपाशी ठेवले तरी पुढच्या निवडणुकीनंतर माउस माझ्याच हातात असतो. नेता जातो, राज्य करणारा जात नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपरिषदांत अलीकडे वर्षानुवर्षं निवडणूक नव्हती, प्रशासक होते. कोणी वाईट होते असं म्हणत नाही, काही तर नगरसेवकांपेक्षा चांगलं काम करत होते. पण त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जाणाऱ्या बाईला 'पुढच्या वेळी मत देणार नाही' असं म्हणता येत नव्हतं. तिच्या हातात अंगठा वर करायचा नव्हता आणि खालीही करायचा नव्हता. २०२५च्या डिसेंबरात अखेर नगरपरिषदांसाठी मतदान झालं, तेव्हा आमच्या गल्लीत म्हातारी माणसंसुद्धा रांगेत होती. त्यांना स्टेलारिस माहीत नाही, पण माउस कोणाच्या हातात असावा हे पक्कं माहीत आहे.

माझ्या मते या गेमनं खेळाडूला हरवण्याची सोय करावी. युद्धात नाही, निवडणुकीत. दहा वर्षं दुर्लक्ष केलं तर निदान काही काळ निर्णय दुसऱ्या गटाच्या हातात जावेत, आणि आपण विरोधी बाकावर बसून बघावं. चिडचिड होईल. होऊ दे. मी हेच मुद्दे इंग्रजीत, आवृत्ती क्रमांकासह, कंपनीला पाठवलेत. पोच आली आहे. दिव्याच्या तक्रारीची अजून यायची आहे.

तर मंडळी, नवे नगरसेवक आता बसलेत. तक्रार करायचीच तर खेळाडूंसारखी करू. खाली कमेंटमध्ये लिहा: वॉर्ड, तारीख, काय बिघडलंय, कधी कळवलं, काय उत्तर आलं. फोटो असेल तर जोडा. शिव्या नकोत, पक्ष नको. महिन्याच्या शेवटी सगळ्याची एक यादी करतो आणि सभेच्या आधी प्रत्येक नगरसेवकाच्या हातात देतो. शेवटचा रकाना 'अजून बिघडलेलंच आहे' असा ठेवणार आहे. दर महिन्याला तो इथंच टाकीन.